मुक्काम माकडहाड, तालुका कंबर

आमच्या घरमालकांसमोर "कंबर दुखते" असं म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलंच तर ते हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "कंबर तं तालुका आहे गा. गाव कोनतं थे सांग."

गाव सापडेपर्यंत मग सुटका नसे. नागपूरला लागून असलेल्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे त्यांचं घर होतं आणि वरची एकुलती खोली माझ्याकडे भाड्यानं होती. गल्लीत दिवसभर हमालांची आणि ट्रकवाल्यांची ये-जा. पोती उचलून उचलून त्यांतल्या निम्म्यांची कंबर कायमची धरलेली. पाणी प्यायला म्हणून ते ओट्यावर टेकत आणि सवयीनं कण्हत. घरमालक त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करत आणि एकेक मणका मोजत अंगठा पाठीवरून खाली नेत. "इथी? का इथी? का आनखी खाली?" एखादा "हां, बस वहीं" म्हणून कळवळला की यांच्या चेहऱ्यावर पत्ता सापडलेल्या पोस्टमनचं समाधान येई. औषध मात्र ते कधी सुचवत नसत. "मी काही डॉक्टर नाही. मी फक्त पत्ता सांगतो. आता डॉक्टरकडं जा अन् हाच पत्ता दे."

डॉक्टर ते नव्हतेच. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेवाल्या घरातला हा मुलगा मॅट्रिकला दोनदा बसला, दोनदा नापास झाला, आणि एका मेडिकल कॉलेजात हाडांच्या कपाटावर अटेंडंट म्हणून लागला. तिथंच पिकून निवृत्त झाला. दरवर्षी नवे विद्यार्थी येत, सही करून हाडांचा संच घरी नेत आणि वर्ष संपताना परत आणत. हे एकेक हाड उजेडाला धरून बघत, बोटांनी चाचपत आणि मगच सुटकेची सही देत. हाडांची नावं त्यांनी कपाटाशेजारी उभं राहून ऐकून ऐकून शिकली.

नावांमागच्या गोष्टी मात्र त्यांना एका वयस्कर मॅडमनी सांगितल्या. विभागातल्या बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या, मॅडम लिहीत होत्या आणि हे गोंद लावत होते. मॅडम म्हणाल्या, "पटेला म्हणजे लॅटिनात लहानशी थाळी." हे म्हणाले, "आमच्याकडं गुडघ्याची वाटी म्हनते." मॅडमनी पेन खाली ठेवलं म्हणे. कुठलं रोम आणि कुठलं काटोल, कोणी कोणाचं बघून लिहिलेलं नाही, आणि दोघांनाही गुडघ्यात भांडंच दिसलं. मॅडमनी त्या दिवशी त्यांना एक कोरं रजिस्टर दिलं. त्यात ते लोकांनी शरीराला दिलेली नावं टिपत गेले. हमालांकडून, सुइणींकडून, खाटकांकडून, पहिलवानांकडून. प्रत्येक नावापुढे एकच रकाना: ज्यानं नाव ठेवलं, त्यानं काय पाहिलं असेल. कित्येक ठिकाणी त्या रकान्यात "माहीत नाही, विचारणे" असं लिहिलेलं असे.

अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, मी राहायला आलो.

मी मराठीचा एम.ए. आहे. मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत दवाखान्यांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणायचं काम मी तेव्हा करत होतो. रुग्णाच्या हातात जो कागद देतात, तुम्हाला काय झालंय आणि घरी काय काळजी घ्यायची असा, तो. माझा जन्म अमरावतीकडच्या खेड्यातला. पण एम.ए.ला पहिला वर्ग मिळाला त्या आठवड्यात मी "मले" सोडून "मला" धरलं आणि आईशीसुद्धा फोनवर "मला" म्हणून बोलू लागलो. आई म्हणाली, "कोन बोलून राहिलं?" यावरून माझी तेव्हाची तब्येत लक्षात यावी.

पहिल्याच दिवशी घरमालकांनी विचारलं, "काम काय करता?"

"परिभाषा घडवतो," मी म्हणालो.

"कशाची?"

"मानवी शरीराची."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शरीर तं घडलेलं आहे ना गा."

पुढच्या रविवारी त्यांनी मला माझे शब्द वाचून दाखवायला सांगितलं. मी उत्साहानं फाइल उघडली. दंडातल्या स्नायूसाठी मी "द्विशिर स्नायू" असा शब्द वापरला होता. ते ऐकून त्यांनी स्वतःची बाही वर केली, हात वाकवला आणि म्हातारपणीही टिकून असलेला लहानसा गोळा मला दाखवला. "मॅडम सांगत होत्या, गोऱ्या लोकायले इथी उंदीर दिसला. मसल म्हंजे लहानसा उंदीर. आपल्या लोकायले बेडकुळी दिसली. दोघांयनंबी हात वाकवून पाह्यला होता. तू द्विशिर लिहितानी काय पाह्यलं?"

मी डिक्शनरी पाहिली होती. तसं मी सांगितलं नाही. "शास्त्रीय भाषेला शिस्त लागते," असं काहीतरी म्हणालो. ते म्हणाले, "बरं," आणि संत्रं सोलायला घेतलं. त्यांचं "बरं" फार वाईट असे.

माकडहाडावरून आमचं जे झालं ते याच सुमारास. पाठीच्या कण्याचं अगदी शेवटचं टोक, बसताना टेकतं ते हाड. इंग्रजीत कॉक्सिक्स. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ कोकीळ, कारण त्या हाडाचा आकार त्या पक्ष्याच्या चोचीसारखा दिसतो. दुसऱ्या कोणी ऐकून सोडून दिलं असतं. यांनी कॉलेजातल्या हाडाची प्लास्टरची एक नक्कल करून घेतली आणि ती शर्टाच्या खिशात घालून कोकिळेची वाट पाहू लागले. काही वर्षांनी वाडीतल्याच एका कडुनिंबाखाली त्यांना मेलेली कोकिळा मिळाली. उकिडवं बसून त्यांनी चोच आणि हाड शेजारी शेजारी धरलं, सगळ्या बाजूंनी पाहिलं, आणि घरी येऊन निवृत्त झालेल्या मॅडमना पत्र लिहिलं: जुळत नाही.

मॅडमचं उलट टपाली उत्तर त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजवर चिकटवलं होतं. मी ते रोज पाणी घ्यायला गेलो की वाचायचो. "ग्रीकांचा पक्षी वेगळा, त्याची चोच आपल्या कोकिळेपेक्षा नाजूक असते. पण तुम्ही निदान पाहिलंत. बाकी आम्ही सगळ्यांनी पाठ केलं."

"अन् मराठीत माकडहाड काहून म्हनते?" त्यांनी मला एकदा विचारलं.

मी अशा प्रश्नाची वाटच बघत होतो. "उघड आहे. माणसाची शेपटी झडली, त्याचं हे खोड. म्हणजे आपल्या पूर्वजांना उत्क्रांती ठाऊक होती. पाश्चात्त्यांच्या कितीतरी आधी." या विषयावर मी ऑफिसात वीस मिनिटं बोललो होतो आणि टाळ्याही मिळाल्या होत्या.

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगायला कशाला हवं? उघड आहे."

"उघड आहे म्हंजे तू पाह्यलं नाही." त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. माकडहाडापुढच्या रकान्यात लिहिलं होतं, "शेपटीवरून असेल. नक्की माहीत नाही, विचारणे." एवढी वर्षं हाडं हाताळलेला माणूस "माहीत नाही" लिहितो आणि मी वीस मिनिटं बोलतो, यातला फरक मला तेव्हा कळायला हवा होता. मला त्यांची कीव आली. माझ्या फाइलीत मी माकडहाड हा शब्द खोडून तिथे "अनुत्रिकास्थी" बसवला. भारदस्त शब्द आहे. कोशातला आहे. मला तो बेहद्द आवडला.

त्यानंतर काही महिन्यांनी मी पडलो. कसा, तेही सांगतो. त्या आठवड्यात सर्वांत जास्त शब्द केल्याबद्दल ऑफिसातून माझं कौतुक करणारा ई-मेल आला होता. तो मी घराचा जिना उतरता उतरता मोबाइलवर तिसऱ्यांदा वाचत होतो. सकाळी जिना धुतलेला होता. सहा पायऱ्या मी बसल्या बसल्या उतरलो.

घरमालक बाहेर आले. उचलायला हात दिला नाही, आधी विचारलं, "कुठी लागलं?"

"कंबर," मी म्हणालो, आणि त्यांचा चेहरा पाहून डोळे मिटून घेतले. सगळ्यात खालचं गाव निघालं.

दुसऱ्या दिवशी ते मला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. फोटो काढला, डॉक्टरांनी पाहिला, इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, मधे भोक असलेली एक गोल उशी घ्यायला लावली आणि औषधाच्या रांगेत पाठवलं. त्या रांगेत मला बसता येत नव्हतं आणि उभंही धड राहता येत नव्हतं. हातात ती उशी, सायकलच्या ट्यूबसारखी.

बाकावर एक म्हातारी कुशीवर निजली होती. उशाशी तिची सून बसली होती, चाळिशीतली, मांडीवर फाइल. दोघी कामठीच्या, घरी माग चालतो, हे बोलण्यातून कळलं. घरमालकांना गप्प बसवत नसे. "आजी, काय झालं?"

"काही नाही बाप्पा," म्हातारी म्हणाली. "आता निघाचं आहे." आणि तिनं बोट वर केलं.

सून हळू आवाजात म्हणाली, "आठ दिवसांपासून असंच बोलून राहिल्या काकाजी. धड जेवत नाही. या कागदावर लिहून आहे. ऑपरेशनचीबी गरज राह्यली नाही म्हनते."

घरमालकांनी कागद घेतला, चष्मा नाकावर आणला आणि बरणीवरची चिठ्ठी वाचावी तसं सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "अनुत्रिकास्थीचा अस्थिभंग. या स्थितीत शल्यक्रियेची सामान्यतः आवश्यकता नसते. विशिष्ट उपचार उपलब्ध नसून रुग्णास आरामदायी स्थितीत ठेवणे हेच व्यवस्थापनाचे सूत्र होय."

वाक्य माझं होतं. "सूत्र होय" तर विशेषच माझं होतं. ते सुचलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाचून दाखवलं होतं.

"कोन्या गाढवानं लिहिलं हे?" घरमालक म्हणाले.

समोरच्या भिंतीवर कॅल्शियमच्या गोळ्यांची जाहिरात होती. मी ती अतिशय लक्षपूर्वक वाचू लागलो.

"आजी, तुमी पडल्या होत्या का?"

"हो. आंगनात पानी सांडलं होतं. बसत्या जागीच आदळली."

"तुमचं माकडहाड मोडलं."

म्हातारीनं मान उचलली. "काय मोडलं?"

"माकडहाड. महिना-दीड महिना दुखन. बसतानी तरास होईन. मंग आपोआप भरन. ऑपरेशनची गरज नाही म्हंजे तेवढं मोठं दुखनंच नाही."

"मानूस मरत नाही त्यानं?"

"माकडहाडानं?" घरमालकांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोट्ट्याचंबी तेच मोडलं. पाहा बरं, हा मरनाऱ्यावानी दिसते का?"

म्हातारीनं मला बराच वेळ न्याहाळलं. "दिसते तं तसाच," ती म्हणाली.

रांगेतले दोघे-तिघे हसले. म्हातारीही हसली, मग हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. रडणं ओसरल्यावर म्हातारी सुनेकडे न बघता म्हणाली, "मंग थे मी जे बोलली परवा..."

"राहू द्या आता, आत्याबाई."

पुढचं आम्हाला घरमालकांनी विचारल्यावर सुनेनंच सांगितलं, औषधं घेताना, सासूच्या कानापल्याड. आपण आता जाणार असं धरून म्हातारीनं तिला जवळ बोलावलं होतं. कानातले काढून तिच्या हातात ठेवले होते. आणि म्हणाली होती की तू लग्न होऊन आली तेव्हापासून मी तुझ्याशी वाकडी वागले, तुझ्या हातचं चांगलं झालं तरी नावं ठेवली, तुझ्या माहेराला बोलले, त्यात तुझी काही चूक नव्हती. "इतक्या वर्सांत पहिल्यांदा माह्याशी नीट बोलल्या," सून म्हणाली. "आता वाचल्या. आता घरी जाऊन काय होते, देव जाने." घाबरलेली दिसत होती ती. सासू मरणार म्हणून आठ दिवस रडलेली बाई सासू जगणार म्हणून घाबरली होती, आणि दोन्हींचा कर्ता मी, उशी काखेत धरून उभा होतो.

परतताना मी घरमालकांना सांगून टाकलं. ऑटो अंबाझरीच्या पुढे गेला तोपर्यंत धीर गोळा केला होता. "तो कागद मी लिहिलाय."

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "अनुत्रिकास्थी तूच मले वाचून दाखवलं होतं."

"मग तिथं गाढव म्हणालात ते?"

"मंग काय म्हनाचं होतं?"

पंधरा दिवसांनी, मला उशीवर अर्धा तास बसता यायला लागलं तेव्हा, ते म्हणाले, "चाल, कामठीले जाऊ. आजीले भेटू." मी ऑफिसचं कारण सांगितलं. रविवार होता. मग दुखण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "तुह्या हातानं जे झालं थे पाहून तं ये."

शेअर ऑटोत आम्ही आठ जण होतो आणि माझी उशी नववी. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माझ्या ओळखीचा झाला. कामठीच्या त्या गल्लीत मागांची खडखड इतकी की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. म्हातारी ओसरीवर तसल्याच गोल उशीवर बसली होती आणि भाजी निवडता निवडता आत कोणाला तरी चहात साखर किती घालायची ते सांगत होती. सून चहा घेऊन आली. कानात कानातले होते.

घरमालकांनी मला कोपरानं ढोसलं. मी एम.ए. झाल्यापासून बोललो नव्हतो त्या भाषेत माझ्या तोंडून निघालं, "आजी, थो कागद म्या लिहिला होता. माह्या चुकीनं तुमाले तरास झाला."

माग चालू होता, म्हातारीला ऐकू गेलं नाही. मला ते पुन्हा, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगावं लागलं.

म्हातारी भाजी निवडत राहिली. सून मात्र म्हणाली, "बरं झालं भाऊ, तुमी तसं लिहिलं." तिनं आत मागाकडे एकदा पाहिलं. "घरी आल्यावर चार दिवस आमी दोघीबी एकमेकीकडं पाहत नव्हतो. मी कानातले काढून देवाजवळ ठेवले. पाचव्या दिवशी आत्याबाईच म्हनल्या, बोलली थे बोलली, आता काय परत घेऊ? घाल कानात."

"थे कागदावरचं खोटं होतं," म्हातारी भाजीकडे बघत म्हणाली. "मी बोलली थे खरं होतं. आता चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

माझी छाती फुगली, हे मी लपवत नाही. आपल्या एका शब्दानं एक घर सांधलं, असं काहीसं वाक्य डोक्यात तयारही झालं. घरमालकांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. "फुगू नको," ते म्हणाले. "ही आजी निरोप घ्याले बसली. दुसरी कोनी विहिरीवर गेली असती तं?"

मी कप खाली ठेवला.

त्यांनी मग खिशातून प्लास्टरचं हाड काढून म्हातारीच्या हातात दिलं. "हे असं असते. आता सांगा आजी, याले माकडहाड काहून म्हनते?" म्हातारीनं ते उलटंपालटं केलं. "पोट्टे माकडावानी उड्या मारते, अन् पडले का हेच शेकते. म्हनून." घरमालकांनी रजिस्टर सोबत आणलंच होतं. त्यांनी ते मनापासून लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, "कामठीच्या आजीचं म्हणणं. नक्की माहीत नाही."

येताना ऑटोत त्यांनी रजिस्टर मांडीवर मिटून ठेवलं. मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "माह्या बापाची मांडी मोडली होती. डॉक्टरनं सांगतलं, फीमर, ट्रॅक्शन, असं काही तरी इंग्रजीत. बाप हो म्हनला. मीबी हो म्हनलो. नवीनच लागलो होतो कपाटावर, तवा मले शब्द येत नव्हते अन् विचाराची लाज वाटली. घरी घेऊन गेलो. मंग थो जल्मभर लंगडत चालला." बोलायला माझ्याजवळ जे शब्द होते ते सगळे कोशातले होते.

ऑफिसात मी "अनुत्रिकास्थी"च्या जागी "माकडहाड" घालायचं म्हटलं तेव्हा आमच्या टीम लीडर म्हणाल्या, "रुग्णाला माकड कसं म्हणायचं?" तपासणारे डॉक्टर म्हणाले, "शब्द थोडा अशोभनीय वाटतो." मी म्हणालो, "मॅडम, आपण लोकांना तालुका सांगतो, त्यांना गाव हवंय." व्हिडिओ मीटिंगमध्ये सात चेहरे होते, सातही कोरे. माझा आवाज गेलाय असं समजून एकीनं मला माइक तपासायला सांगितला. शेवटी दोन्ही शब्द ठेवायचे ठरलं, आणि "सूत्र होय" मी स्वतः उडवलं. त्या जागी "हे आपोआप भरून येतं, घाबरू नका" असं लिहिलं. पुढे दर रविवारी मी नवा मजकूर ओट्यावर हमालांना वाचून दाखवू लागलो. घरमालक मधे बसत. एखाद्या शब्दाला तीन माणसं गप्प राहिली की ते म्हणत, "खोड." माझ्या कारकिर्दीतले निम्म्याहून जास्त शब्द त्या ओट्यावर मेले. पुन्हा कौतुकाचा ई-मेल आला नाही.

घरमालक गेले त्याला आता फार दिवस झाले नाहीत. जाण्याच्या तीनेक आठवडे आधी त्यांना धाप लागायला लागली म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. गावाहून त्यांचा मुलगा आला होता, शेती करणारा, चांगला धिप्पाड गडी. कॉटच्या पायथ्याशी हात बांधून उभा राही आणि कोणीही पांढऱ्या कोटातलं आलं की "हो साहेब" म्हणे.

त्या दिवशी आलेले डॉक्टर तरुण होते. त्यांनी घरमालकांना ओळखलं. "काका, माझ्या संचातला एक मणका कमी होता म्हणून तुम्ही मला सही दिली नव्हती. आठ दिवस शोधला मी."

"सापडला ना मंग?"

"गादीखाली सापडला."

मग डॉक्टर मुलाकडे वळून तब्येतीविषयी सांगू लागले. मायट्रल व्हॉल्व्ह, रिगर्जिटेशन, पंपिंग, या वयात सर्जरीची रिस्क. मुलगा प्रत्येक शब्दाला "हो साहेब" म्हणत होता. मी शेजारी उभा होतो आणि, मरेपर्यंत माझी सवय जायची नाही, मनात "द्विदल झडपेचे प्रत्यावहन" असं जुळवून मोकळा झालो होतो. पहिल्यांदाच ते तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.

घरमालकांनी हात वर करून डॉक्टरांना थांबवलं आणि मुलाला विचारलं, "काय म्हनले साहेब?"

मुलगा खाली बघू लागला.

"कळलं का?"

"नाही बाबा."

"मंग हो काहून म्हनतो? विचार."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच डॉक्टरांकडे खूण केली. तो बांधलेले हात सोडून डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, मले समजलं नाही. मराठीत सांगा."

डॉक्टर अडले. ते इथलेच, नागपूरचेच, पण हे सगळं त्यांनी कधी मराठीत बोललेलं नव्हतं. मग त्यांनी आपले दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून दारासारखे उघडले, मिटले. "हृदयात असं दोन फळ्यांचं एक फाटक असतं. रक्त पुढे गेलं की ते लागतं. बाबांचं आता नीट लागत नाही. थोडं रक्त मागे येतं, म्हणून धाप लागते."

"दुरुस्त होते का?"

"ऑपरेशन सोसणार नाही त्यांना. औषधानं त्रास कमी करू."

मुलानं त्या तळहातांकडे पाहिलं. "म्हंजे बाबा बरे होनार नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या बाईनं मघापासून चालू असलेला रेडिओ बंद केला. घरमालकांनी सुईचा हात सांभाळत दुसरा हात पुढे केला आणि मुलाचा हात धरून त्याला कॉटवर बसवलं.

"आता कळलं ना तुले," ते म्हणाले. "आता रड."